किंगच्या भाषणात लॉगॉस कुठे आहे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणातले इथॉस (वक्त्यावरचा विश्वास), पॅथॉस (श्रोत्यांच्या भावना) आणि लॉगॉस (मुद्द्याचा तर्क) शोधून त्यावर निबंध लिहायचा आहे. भाषण पुन्हा पुन्हा वाचलं तरी सगळीकडे पॅथॉसच दिसतो. लॉगॉस म्हणावं तर आकडे नाहीत, पुरावे नाहीत. इथॉसबद्दल ‘ते पाद्री होते, लोक त्यांना मानत’ यापलीकडे सुचत नाही. आणि एखाद्या भारतीय भाषणाशी तुलना केली तर चालेल का?

पदवीच्या वर्गाला हे भाषण मी बरीच वर्षं शिकवत आलो आहे आणि ही अडचण जवळजवळ प्रत्येक तुकडीला येते. कारण आपल्यापर्यंत हे भाषण शेवटाकडून पोचतं. पाठ्यपुस्तकातला उतारा, भित्तिपत्रक, मोबाइलवरचा व्हिडिओचा तुकडा, सगळीकडे ‘माझं एक स्वप्न आहे’ एवढंच. प्रत्यक्षात भाषण सोळा-सतरा मिनिटांचं आहे आणि स्वप्न येतं ते शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. त्याआधीची दहा-अकरा मिनिटं किंग युक्तिवाद करत आहेत, आणि तो चांगलाच कडक आहे. तो वगळला तर स्वप्नाचा भाग ऐकायला गोड उरतो, पण त्यानं कुणाचं मत बदलण्याचं कारण उरत नाही. म्हणून तुमच्या निबंधाचा निम्म्याहून अधिक भाग पहिल्या अर्ध्यावर असावा असं मी म्हणेन.

आधी लॉगॉसबद्दलचा गैरसमज दूर करू. लॉगॉस म्हणजे आकडेवारी नव्हे. ॲरिस्टॉटलनं मन वळवण्याचे तीन मार्ग सांगितले: बोलणाऱ्यावर विश्वास बसणं, ऐकणाऱ्याचं मन एका विशिष्ट अवस्थेत येणं, आणि मुद्द्याची मांडणीच पटणं. यातल्या तिसऱ्या मार्गाबद्दल त्यानं एक फार उपयोगी गोष्ट सांगितली आहे. सभेत बोलणारा माणूस तर्काच्या सगळ्या पायऱ्या मोठ्यानं बोलून दाखवत नाही. एखादी पायरी तो मुद्दाम सोडतो आणि ती ऐकणारा आपल्या मनात भरतो. स्वतः भरलेली पायरी नाकारणं अवघड असतं. किंग यांच्या भाषणातला लॉगॉस सापडायचा तर न बोललेली पायरी शोधावी लागते.

आता ऐकणारे कोण होते ते पाहा, कारण त्याशिवाय पुढचं काहीच नीट लिहिता येणार नाही. लिंकन स्मारकासमोर सुमारे अडीच लाख लोक होते, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय आणि बरेच गोरेही. मोर्चाचं अधिकृत नाव ‘नोकऱ्या आणि स्वातंत्र्य यांसाठी वॉशिंग्टनवर मोर्चा’ असं होतं, ए. फिलिप रँडॉल्फ त्याचे नेते आणि बेयर्ड रस्टिन त्याचे मुख्य संयोजक. दुसरा श्रोतृवर्ग दूरचित्रवाणीवर होता: उत्तरेकडच्या राज्यांतली मध्यमवर्गीय गोरी कुटुंबं, ज्यांना दक्षिणेत काय चाललं आहे याची टोचणी होती पण एवढ्या मोठ्या जमावाची धास्तीही वाटत होती. तिसरा श्रोता शेजारच्याच कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीत होता. अध्यक्ष केनेडी यांनी जूनमध्ये नागरी हक्कांचं विधेयक काँग्रेसकडे, म्हणजे या संसदेकडे पाठवलं होतं आणि ते तिथे अडकून होतं. याशिवाय अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये त्याच वसंतात मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले होते, १२ जूनला नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांचा मिसिसिपीत खून झाला होता. हे सगळं ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. किंग यांना ते आकडे देऊन सांगण्याची गरज नव्हती.

आता चेकचा परिच्छेद. तुम्ही एकच उतारा खोलात घेणार असाल तर हाच घ्या. किंग म्हणतात, आपण एका अर्थानं देशाच्या राजधानीत चेक वटवायला आलो आहोत. प्रजासत्ताकाच्या शिल्पकारांनी राज्यघटना आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यांनी एका वचनचिठ्ठीवर सही केली आणि प्रत्येक अमेरिकन तिचा वारस झाला. काळ्या आणि गोऱ्या सर्वांना जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि सुखाच्या शोधाचा हक्क मिळेल, हे ते वचन. अमेरिकेनं कृष्णवर्णीय नागरिकांपुरतं ते वचन बुडवलं आहे. त्यांना दिलेला चेक ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ असा शेरा मारून परत आला आहे. आणि लगेच पुढे: पण न्यायाची बँकच दिवाळखोर झाली आहे हे मानायला आम्ही तयार नाही.

यात बोललेल्या पायऱ्या दोन. वचन दिलं गेलं, त्याचा दस्तऐवज आहे. वचन पाळलं गेलं नाही, ते त्याआधीच्या परिच्छेदात सिद्ध केलेलं आहे. न बोललेली पायरी म्हणजे ‘सही केलेला चेक वटलाच पाहिजे’. ही पायरी कोण भरतं? बँकेत खातं असलेला, घराचे हप्ते फेडणारा, आर्थिक व्यवहारात शब्दाला जागण्याचा अभिमान असलेला गोरा मध्यमवर्गीय. वंशसमतेबद्दल त्याचं मत काहीही असो, चेक परत येणं लाजिरवाणं असतं याबद्दल त्याच्या मनात दुमत नाही. किंग यांनी वाद समतेच्या मैदानातून उचलून प्रामाणिक व्यवहाराच्या मैदानात नेला, आणि तिथे विरोधकाला उभं राहायला जागाच नव्हती.

त्याच परिच्छेदानं आणखी एक गोष्ट केली. हक्क मागायला आलेला माणूस सहसा याचक दिसतो. इथे अडीच लाख लोक एका झटक्यात धनको झाले आणि सरकार ऋणको. कुणी मेहरबानी करायची नाही, थकलेलं देणं चुकतं करायचं. समोर उभ्या असलेल्या माणसाला याचा जो आनंद झाला असेल, तो पॅथॉस. देशाच्या संस्थापकांचा शब्द हाती घेऊन बोलणारा माणूस देशद्रोही कसा म्हणायचा, हा घरी बसलेल्याला पडलेला पेच म्हणजे इथॉस. एका परिच्छेदात तिन्ही गोष्टी चालू आहेत. म्हणूनच तीन रंगांच्या पेनांनी वाक्यं रंगवत बसण्याची पद्धत मला पटत नाही. वर्गात ती सोपी वाटते, पण भाषण तिच्या हाती लागत नाही.

चेकमागचा इतिहास अभ्यासू वाचकाला खटकेल, आणि खटकायला हवा. १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधित्व ठरवताना गुलाम माणूस तीन पंचमांश धरला होता. गुलामांची आयात १८०८ पर्यंत थांबवता येणार नाही अशी तरतूद होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. मग हे वचन काळ्या माणसांनाही दिलं होतं, असं किंग कसं म्हणू शकतात? त्यांना हा इतिहास पुरता ठाऊक होता. पंधराव्या वर्षी शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत ते राज्यघटना आणि कृष्णवर्णीय याच विषयावर बोलले होते. त्यांनी दस्तऐवजाचा सर्वांत उदार अर्थ जाहीरपणे गृहीत धरला आणि नाकारण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकली. ज्याला ते अमान्य असेल त्यानं उभं राहून म्हणावं की ‘सर्व माणसं समान’ हे वाक्य फक्त गोऱ्यांसाठी होतं. १९६३ साली उत्तरेतल्या फार थोड्या लोकांना हे मोठ्यानं म्हणणं परवडलं असतं. निबंधात हा मुद्दा आलाच तर त्याला किंग यांची चूक म्हणू नका. तो त्यांचा डाव होता आणि विचारपूर्वक टाकलेला होता.

पुरावे नाहीत, हेही खरं नाही. ‘शंभर वर्षांनंतर’ हे शब्द किंग पाठोपाठ चार वाक्यांत आणतात. १८६३ च्या पहिल्या दिवशी लिंकन यांनी गुलाममुक्तीचा जाहीरनामा लागू केला, आणि शंभर वर्षांनंतरही कृष्णवर्णीय माणूस मोकळा नाही, हा एक आकडा सगळ्या आकडेवारीचं काम करतो. पुढे ‘तुमचं समाधान कधी होणार’ या प्रश्नाला उत्तर देताना ते यादीच देतात: पोलिसांचे अत्याचार, प्रवासानं थकलेल्या माणसाला हमरस्त्यावरच्या मोटेलात आणि शहरातल्या हॉटेलात खोली न मिळणं, मिसिसिपीत मत देता न येणं. यातलं मोटेल वाचताना सहज निसटतं. पण हॉटेलं, उपाहारगृहं अशा सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या करणं हे केनेडींच्या विधेयकातलं सर्वांत वादाचं कलम होतं. मतदानाच्या हक्काचं कलमही त्यात होतं. म्हणजे जनसमुदायाला जी वेदना वाटली, ती काँग्रेसच्या सदस्याला कलमवार मागणी म्हणून ऐकू गेली. हा लॉगॉस आहे, आणि तो नेमका आहे.

इथॉसकडे वळू. तुमचं ‘ते पाद्री होते’ हे उत्तर चूक नाही, पण ती भाषणाबाहेरची माहिती झाली. विश्लेषणात विचारायचं असतं की भाषण चालू असताना वक्ता विश्वास कसा कमावतो. पहिली गोष्ट जागेची. ते लिंकनच्या पुतळ्यासमोर उभे आहेत आणि गुलाममुक्तीचा उल्लेख लिंकनच्याच गेटिसबर्गच्या भाषणाच्या धाटणीत करतात. जणू तिथूनच सुटलेलं बोलणं पुढे नेत आहेत. दुसरी गोष्ट ग्रंथांची. न्याय पाण्यासारखा आणि नीती जोरदार प्रवाहासारखी वाहू दे, हे आमोस या संदेष्ट्याचं बायबलमधलं वचन आहे. दऱ्या उंच होतील आणि डोंगर सखल होतील, हे यशयाचं. गोरा ख्रिस्ती माणूस दर रविवारी जे पुस्तक वाचतो, त्यातूनच त्याच्यावर आरोपपत्र येतं.

तिसरी गोष्ट बहुतेक निबंधांतून सुटते: किंग स्वतःबद्दल काय बोलत नाहीत. चारच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, ते बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते. भाषणात तुरुंग येतो, पण तो त्यांचा नाही. ‘तुमच्यापैकी काहीजण नुकतेच अरुंद कोठड्यांतून बाहेर पडून इथे आला आहात’ असं ते समोरच्यांना म्हणतात. स्वप्नापर्यंत ‘मी’ हा शब्द अगदी मोजक्या ठिकाणी येतो, बाकी सगळीकडे ‘आपण’. पुढाऱ्यानं आपल्या हालअपेष्टा सांगून टाळ्या मिळवणं किती सोपं असतं हे आपण सभांतून पाहतोच. तो मोह त्यांनी टाळला, म्हणून नंतर ‘माझी चार लहान मुलं’ हे शब्द आले तेव्हा त्यांना वजन आलं.

मधला एक तुकडा कुणी फारसा उद्धृत करत नाही, आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. किंग बजावतात की हे केवळ वाफ दवडण्याचं आंदोलन आहे असं समजू नका. न्यायाचा दिवस उजाडेपर्यंत बंडाची वादळं देशाचा पाया हादरवत राहतील. हा सरळ इशारा आहे. पण पुढच्याच परिच्छेदात ते आपल्याच लोकांकडे वळतात: तहान भागवण्यासाठी कडवटपणाचा आणि द्वेषाचा पेला तोंडाला लावू नका, सर्व गोऱ्यांवर अविश्वास धरू नका, त्यांच्यातले कित्येकजण आज इथे आहेत. गोऱ्या श्रोत्याला पहिल्यानं धडकी भरते आणि दुसऱ्यानं धीर येतो. या दोन परिच्छेदांचा क्रम उलटा करून वाचून पाहा. आधी संयम आणि मग इशारा आला असता, तर ऐकणाऱ्याच्या मनात धमकीच उरली असती.

आता स्वप्न. तो भाग त्या दिवसाच्या लिखित मसुद्यात नव्हता. मसुद्यावर किंग यांच्याबरोबर त्यांचे वकील आणि सल्लागार क्लॅरन्स जोन्स यांनी काम केलं होतं. आदल्या रात्री वायट वॉकर या सहकाऱ्यानं तर ‘स्वप्नाचं नको, ते आता वापरून गुळगुळीत झालं आहे’ असंच सुचवलं होतं. भाषण शेवटाकडे येताना मागे बसलेल्या गायिका महेलिया जॅक्सन यांनी ‘त्यांना स्वप्नाबद्दल सांगा, मार्टिन’ असं ओरडून म्हटलं, आणि किंग यांनी कागद बाजूला सारला. पण ‘ऐनवेळी सुचलं’ असं मात्र लिहू नका. हेच स्वप्न त्यांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंट इथे आणि जून १९६३ मध्ये डेट्रॉइटला सांगितलं होतं. ऐनवेळी घेतला तो निर्णय. सामग्री मुरलेली होती. आपल्याकडच्या नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. आख्यान पाठ असतंच, ते कुठल्या क्षणी आणि किती लांबवायचं हे समोरची माणसं पाहून ठरतं. किंग हे बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढलेले प्रवचनकार, श्रोत्यांची दाद ऐकत ऐकत बोलणारे. ध्वनिमुद्रण ऐकलंत तर मागून येणारे हुंकार कानावर पडतील, आणि त्यांच्यानुसार वाक्यांची लांबी कशी बदलते तेही.

या भागातल्या पॅथॉसबद्दल लिहिताना ‘भावनिक शब्द वापरले’ एवढ्यावर थांबू नका. भावना कशातून तयार होते ते दाखवा. स्वप्न हा शब्द अमूर्त आहे, पण प्रत्येक स्वप्नाला गाव आहे. जॉर्जियाच्या लाल टेकड्यांवर पूर्वीच्या गुलामांची आणि पूर्वीच्या मालकांची मुलं एका टेबलाशी बसतील. अलाबामात, जिथला गव्हर्नर केंद्राचे आदेश धुडकावण्याची भाषा करतो, तिथे काळी आणि गोरी लहान मुलं हातात हात घालतील. तो गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस; जूनमध्येच तो विद्यापीठाच्या दारात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभा राहिला होता आणि ते दृश्य देशानं टीव्हीवर पाहिलं होतं. नाव न घेता किंग यांनी त्याला चित्रात उभं केलं आणि त्याच्यासमोर मुलांचे हात ठेवले. द्वेष करणाऱ्याचा द्वेष न करता त्याला लहान करून टाकलं.

शेवटच्या ‘स्वातंत्र्याचा घंटानाद होऊ दे’ या पुनरुक्तीकडे भूगोलाच्या नजरेनं पाहा. ‘माय कंट्री’ या देशभक्तिपर गीताच्या ओळी घेऊन किंग सुरुवात न्यू हॅम्पशायर, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया अशी करतात. इथे कुणाला काही खुपत नाही. मग ‘पण एवढंच नव्हे’ म्हणतात आणि दक्षिणेत उतरतात: जॉर्जियाचा स्टोन माउंटन, टेनेसीचा लुकआउट माउंटन, मिसिसिपीतली प्रत्येक टेकडी. स्टोन माउंटनवर १९१५ साली कू क्लक्स क्लॅन ही कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना नव्यानं उभी राहिली होती. त्या डोंगराचं नाव देशभक्तीच्या गाण्यात घातलं की गाण्याची खरी परीक्षा लागते. हे गाणं याच पायऱ्यांवरून १९३९ साली गायिका मेरियन अँडरसन यांनी गायलं होतं, कारण कृष्णवर्णीय म्हणून त्यांना शहरातलं मोठं सभागृह नाकारलं गेलं होतं. म्हणजे भाषणाच्या सर्वांत भावपूर्ण क्षणीही तोच चेकचा तर्क चालू आहे: गाण्यात ‘प्रत्येक’ डोंगर म्हटलं आहे, तर मग प्रत्येकच.

लिहिताना माझा सल्ला असा. उत्तरपत्रिकांत हमखास येणारं वाक्य आहे: ‘किंग यांनी पॅथॉस वापरून श्रोत्यांच्या भावना जागृत केल्या.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही भाषणाला चिकटवता येतं, म्हणून त्याला गुण देता येत नाहीत. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘चेक परत आल्याची प्रतिमा घेऊन किंग मागणीला थकलेल्या देण्याचं रूप देतात, त्यामुळे घरी बसून ऐकणाऱ्या गोऱ्या मध्यमवर्गाला समतेवर मत न देताही किंग यांचं म्हणणं मान्य करावं लागतं, आणि समोरच्या जनसमुदायाला आपण हक्कानं आलो आहोत असं वाटतं.’ कोणता उतारा, कोणती युक्ती, कोणत्या श्रोत्यावर काय परिणाम, हे सगळं त्यात आलं. पाच उतारे वरवर घेण्यापेक्षा दोन असे घ्या.

आणि या भाषणामुळे कायदा झाला, असं लिहू नका. भाषणानंतर तीन आठवड्यांच्या आत, १५ सप्टेंबरला, बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्बस्फोट होऊन चार मुली मेल्या. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली. विधेयकावर सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी कित्येक आठवडे भाषणं लांबवत कामकाज अडवलं आणि केनेडींनंतर अध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांची सही झाली ती २ जुलै १९६४ ला. मतदान हक्काचा कायदा त्याच्याही पुढच्या वर्षी. मॅल्कम एक्स या कृष्णवर्णीयांच्या जहाल नेत्याला तर सगळा मोर्चाच सरकारला सोयीचा करून टाकलेला वाटला, आणि त्यांचं म्हणणं निबंधात एका परिच्छेदापुरतं तरी आणावं. जो पटला नाही असा श्रोताही विश्लेषणाचा भाग असतो.

तुलनेबद्दल: चालेल, आणि माझी निवड विचाराल तर डॉ. आंबेडकरांचं घटना समितीतलं २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, हा त्यांचा इशारा किंग यांच्या चेकशेजारी ठेवून वाचा. किंग बुडालेल्या वचनाबद्दल वचन देणाऱ्यांच्या वारसांना जाब विचारतात. बाबासाहेब वचनावर सही होत असतानाच ते कशानं बुडेल ते सही करणाऱ्यांना सांगतात. इथॉसचीही तुलना होते. मसुदा समितीचे अध्यक्ष असूनही ते सुरुवातीला घटनेचं श्रेय घटनात्मक सल्लागार बी. एन. राव, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना वाटून देतात. मात्र एक सभागृहातलं भाषण आहे आणि दुसरं मैदानातलं. बाबासाहेबांच्या भाषणात पुनरुक्ती आणि लय शोधत बसू नका, तिथे ऐतिहासिक दाखल्यांची रांग पाहा. किंग यांचं भाषण मात्र लिहायला बसण्याआधी एकदा संपूर्ण ऐका, कागद समोर न ठेवता, आणि पहिली टाळी कुठल्या वाक्याला पडते ते टिपून ठेवा.